शेवटच्या डब्यातली जागा

धुळ्यात माझा एक जुना मित्र आहे. शाळेत गणित शिकवतो, निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, ‘‘डॉक्टर, खोपोलीला इमॅजिका बघून येऊ. आपण दोघंच.’’ सोबत नातवंडे नाहीत, घरची मंडळी नाहीत, आणि पन्नाशी उलटलेले दोन गडी थीम पार्कात काय करणार? खुलासा लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी म्हणे सिद्ध केले आहे की रोलर कोस्टरच्या शेवटच्या डब्यात बसले की मुतखडा पडतो. मित्राला मुतखड्याचा दहा वर्षांचा अनुभव. तो गाडीत बसायला निघाला होता ते औषध म्हणून.

मी हसलो, पण तयार झालो. एक तर या माणसाबरोबर अख्खा दिवस घालवून किती वर्षे झाली होती ते आठवत नव्हते. दुसरे म्हणजे, ती बातमी चक्क खरी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर असे क्वचित घडते.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले मूत्रविकारतज्ज्ञ डेव्हिड वार्टिंगर यांचे काही रुग्ण फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जाऊन आले आणि ‘तिथे खडा पडला’ असे सांगू लागले. एकाने तर एकाच गाडीत लागोपाठ तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीनंतर एक खडा पडला. वार्टिंगर यांनी थ्रीडी प्रिंटिंगच्या साहाय्याने सिलिकॉनची किडनी बनवली, तिच्यात लघवी आणि खरे खडे भरले, ती पाठपिशवीत ठेवली आणि सहकाऱ्याला घेऊन ‘बिग थंडर माउंटन’ नावाच्या गाडीत २० फेऱ्या केल्या. पुढच्या डब्यात २४ पैकी ४ खडे जागचे हलून बाहेर पडले, शेवटच्या डब्यात ३६ पैकी २३. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये त्याला इग नोबेल मिळाले. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात.

फॉरवर्ड करताना तीन गोष्टी मात्र गळून गेल्या होत्या. एक, ही किडनी सिलिकॉनची होती, माणसाची नव्हे. दोन, खडे लहान होते आणि किडनीच्या कप्प्यात मोकळे होते. किडनीपासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नळीत अडकलेल्या खड्याला हा प्रयोग लागू होत नाही. तीन, याहून वेगवान गाड्यांत हा परिणाम दिसला नाही, कारण जोराच्या दाबाने खडे जागीच चिकटून राहतात.

रात्रीच्या गाडीत मी जळगावला बसलो, मित्र चाळीसगावला चढला. डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या निघाल्या. गप्पा मनमाड उलटून गेले तरी संपल्या नाहीत. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. एवढ्या वेळात तो घोटभरच पाणी प्याला. विचारले तर म्हणाला, ‘‘उगाच सारखं उठावं लागतं रे.’’ मुतखड्याचा रुग्ण मुतखड्याच्या औषधाला निघाला होता आणि पाणी टाळत होता. कल्याणला उतरून खोपोलीची लोकल धरली तेव्हा त्याची बाटली अजून भरलेली होती.

इमॅजिकात ‘गोल्ड रश एक्स्प्रेस’ नावाची खाणीतल्या रेल्वेसारखी गाडी आहे. डिस्नेच्या त्या गाडीची जवळची नातेवाईक म्हणावी अशी. मित्राने बरोबर तीच हेरून ठेवली होती. अशा गाड्यांपाशी सूचनांचा फलक असतो: हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचे दुखणे, गरोदरपण असल्यास बसू नये. बहुतेक लोक तो फलक सेल्फीची पार्श्वभूमी म्हणून वापरतात. त्यामागे कारण आहे. जर्मनीत ५५ निरोगी व्यक्तींना मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसवून त्यांच्या हृदयाची नोंद घेतली, तेव्हा मिनिटाला सरासरी ९० च्या आसपास असलेले ठोके १५० च्या वर गेले. निरोगी हृदय ते सहज सोसते. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्यासाठी ती न सांगता घेतलेली परीक्षा ठरू शकते.

मित्राने गणिताच्या मास्तरासारखा फलक वाचला. ‘‘मुतखडा लिहिलेला नाही. बसू.’’

‘‘बीपी लिहिलंय.’’

‘‘गोळी चालू आहे. काही व्हत नही रे भो.’’

रांग पुढे सरकत होती. मी सहज म्हणून विचारले, ‘‘शेवटची सोनोग्राफी कधी केलीस?’’ त्याने मोबाइलमध्ये फोटो शोधून दाखवला. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट. डाव्या मूत्रनळीत ११ मिलिमीटरचा खडा आणि त्यामुळे किडनीला सूज. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीने खडा काढायला सांगितले होते. याने चार दिवस दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, कळा थांबल्या आणि विषय संपला.

‘‘दुखायचं थांबलं, म्हणजे पडला असेल.’’

‘‘पडताना दिसला?’’

तो गप्प झाला. मी त्याचा हात धरून रांगेतून बाहेर काढला. आमचा थीम पार्कातला बाकीचा दिवस मुख्यतः एका बाकावर गेला.

तिथे त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण ओपीडीत ही गोष्ट मी अनेकांना सांगत आलो आहे. खडा नळीत अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी एकदम ताणली जाते आणि जीवघेणी कळ येते. पण तुंबलेले तसेच राहिले तर काही दिवसांनी किडनी लघवी बनवणेच कमी करते. ताण उतरतो, कळ थांबते. खडा तिथेच असतो. पाटात दगड अडकला आणि मागून पाणी येणे कमी झाले, तर पाट फुगत नाही. म्हणून दगड निघाला असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. आपण मात्र स्वतःच्या किडनीबद्दल नेमके तेच म्हणतो. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात. दहाच्या पुढचा खडा आपोआप पडेल ही आशा फार लहान असते.

परत आल्यावर तपासण्या केल्या. रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आले आणि मित्र खूश झाला. हाही एक चकवा आहे. एक किडनी मंदावली तरी दुसरी तिचा भार उचलते आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो. सोनोग्राफीत खडा तिथेच होता. पुढच्या स्कॅनमध्ये कळले की डाव्या किडनीचा कामातला वाटा १८ टक्क्यांवर आला आहे. खडा दुर्बिणीने काढला. गेलेले काम बहुतांशी परत आले नाही. आठ महिन्यांपूर्वी काढला असता तर कदाचित चित्र वेगळे असते.

मला यात सर्वात जास्त टोचले ते माझे वागणे. त्या आठ महिन्यांत आम्ही निदान पाच-सहा वेळा भेटलो होतो. दर वेळी मी विचारले, ‘‘तब्येत?’’ तो म्हणाला, ‘‘बरी.’’ डॉक्टर असूनही मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मित्राला पेशंट करायचे नाही, असा संकोच होता. तो संकोच एका किडनीइतका महाग पडला.

आपल्या खान्देशात हे बोलणे जास्त गरजेचे आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात, बांधकामावर राबणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. आपण दोष देतो बोअरच्या जड पाण्याला. पाणी कसले यापेक्षा किती, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी हवे. रंग फिकट राहिला म्हणजे बेत जमला. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावे. मीठ कमी करावे, म्हणजे पापड आणि शेवही आलीच. दूध बंद करू नये. जेवणातले कॅल्शियम खडा करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. लिंबूपाणी चांगले, बिअर हे औषध नाही. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत. बीपी, मधुमेह असलेल्यांच्या किडनीला त्या आणखी जड जातात. आणि खड्याबरोबर थंडी-ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, कळ थांबल्यावरही सोनोग्राफी पुन्हा करावी. खडा पडला हे रिपोर्टने सांगायचे असते, पोटाने नव्हे. ती सोय सरकारी रुग्णालयात आहे आणि मुतखड्याच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. खर्चाच्या भीतीने कुणी मोबाइलमध्ये रिपोर्ट दडवून ठेवला असेल, तर तो आज उघडावा. आपल्या मित्रालाही ‘‘तब्येत?’’ विचारून थांबू नये. ‘‘मागच्या तपासणीचं पुढे काय झालं?’’ हा प्रश्न विचारावा.

मित्र आता पाण्याची बाटली रिकामी करून दाखवतो, विद्यार्थ्याने वही दाखवावी तशी. बीपी आटोक्यात आहे, हृदयाची तपासणीही झाली. परवा म्हणाला, ‘‘इमॅजिका राहिलंच आपलं. या वेळी पहिल्या डब्यात बसू. निदान समोरचं दिसेल तरी.’’