सलाईनच्या बाटलीत ताकद नसते

“डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक बाटली लावा.” माझ्या दवाखान्यात ही मागणी रोज होते. नकार दिला की पेशंट नाराज होतो. म्हणून आज या बाटलीचा हिशेबच मांडतो.

अर्धा लिटर, पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. तिची ऊर्जा शंभर कॅलरींच्याही आत. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून जास्त मिळते. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही कॅलरी नसते.

शिवाय साखर रक्तात गेली म्हणजे ताकद आली असे नाही. बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. तेथे ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्न जळते व ‘एटीपी’ तयार होते. पेशीचे सारे व्यवहार या रोकडीवर चालतात. ती साठवून ठेवता येत नाही, क्षणोक्षणी नवी करावी लागते. शिल्लक राहते ती यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या आणि अंगात चरबीच्या रूपाने. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात, नसेल तर फक्त २!

हा ऑक्सिजन पोचवते रक्तातील हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चुलीला वाराच लागत नसेल तर सरपण कोंबून काय उपयोग? मधुमेह्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिनअभावी ती पेशीत शिरत नाही. त्याला ग्लुकोजची बाटली अपायच करील.

मग बाटलीने बरे का वाटते? थोडे पाणी पोटात न जाता रक्तात जाते, आणि राबणाऱ्या बाईला तास-दोन तास पडायला मिळते. ही विश्रांती घरी, फुकटात मिळायला हवी.

जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले, पाणीही पोटात ठरेना, तर सलाईन जीव वाचवते. पण अशक्तपणावर सरसकट बाटली लावणे मला मान्य नाही. आम्हा डॉक्टरांपैकी काही जण पेशंट तुटेल या भीतीने ती लावतात, हेही योग्य नाही. त्यात खरा आजार मागे पडतो.

तेव्हा थकवा हटत नसेल तर आधी हिमोग्लोबिन व साखर तपासून घ्या. रक्त कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नेमाने घ्या, आणि बाटलीच्या पैशांत घरी डाळ, गूळ, शेंगदाणे आणा.