पट्टी निघाली, रंगही निघाला

टेम्पो विकायला काढला, तेव्हा दारावर चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी आधी काढून टाकावी असे आम्हांस वाटले. गॅरेजवाल्याने पेचकस घातला. पट्टी निघाली, सोबत रंगाचा पोपडाही. गिऱ्हाइकाने नेमके तिथेच बोट ठेवून भाव पाडला. बोलणार काय?

आमच्या मते दोष गोंदाचा नव्हे, जल्दबाजीचा. पट्टीमागे फोमची दुतर्फा चिकट टेप असते. ऊब मिळाली की ती नरम पडते. व्यापारी बांधवांनी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा, हाताला सोसेल इतपतच, काही मिनिटे द्यावी. मग मासेमारीचा नायलॉन दोरा पट्टीमागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढावा. (दोऱ्याची ही अक्कल आम्हा कापडवाल्यांनाच उशिरा यावी!) राहिलेला चिकटा बोटाने चोळून गोळा करावा, उरलासुरला खोबरेल तेलाने मऊ करून साबणाने धुवावा. थिनर मात्र नको. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर तर मुळीच नको. तो रंग कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाइतका पक्का नसतो. पट्टीखालचा रंग ताजा, भोवतालचा उन्हाने फिका, अशी खूण मागे राहते. ती पॉलिशने बरीच पुसट होते.