ज्वारीचा भाव आणि वाफेचा हिशेब



पावसाने काळी पडलेली ज्वारी मद्यार्काच्या कारखान्याला मातीमोल जाते. भाव पाडायला कोळशाचा खर्च पुढे करतात. तोच तपासू. आंबवणात मद्यार्क शेकडा १०-१२, बाकी बहुतेक पाणी; ते उकळून वेगळे करण्यात वाफ जाते. पण एका मनोऱ्याची वाफ थंड पाण्यावर न दवडता तिने कमी दाबाचा दुसरा मनोरा तापवता येतो. तिथे कमी उष्णतेवरच उकळी फुटते. पेट्रोलसाठी मद्यार्क ९९.५ टक्के हवा, आणि ९६ च्या आसपास नुसते उकळणे थकते. पूर्वी बेंझीन घालून पुन्हा उकळत. आता झिओलाइटचे खडे पाणी शोषून घेतात. ही यंत्रे देशात चालू आहेत. तेव्हा भाव बोलायला येणाऱ्याला आम्ही आधी विचारणार : लिटरमागे वाफ किती किलो?