मूळ गावी धावायला जाताय? मग वस्तीपर्यंत या!

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "चला, आपल्या मातीत धावू!" दुसरा म्हणतो, "हे पोट भरलेल्यांचे चोचले. आंबेडकरी माणसाचं तिथं काय काम?" आम्ही सातारा जिल्ह्यातले, नोकरीसाठी बाहेर पडलेले आणि यंदाही धावायला जाणारे. दोन्ही तट अर्धवट बोलत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी दुसऱ्या तटाशी बोलू.

धावणे हा चोचला आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आजा-पणजांना विचारून बघावे. धावणे आपल्याला नवे नाही. महार वतनाने आपल्याला पिढ्यानपिढ्या पळवले. तराळकी आणि येसकरकी म्हणजे दुसरे काय होते? मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचे, सरकारी भरणा तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की घोड्यापुढे पळायचे. उन्हापावसात आणि रात्री-अपरात्रीही. मोबदला काय, तर बलुत्याची भाकरी आणि इनामाचा तुकडा. 1874 च्या वतन कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्का दिला. तो कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला 1958 चा. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

तेव्हा त्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर, कुणाच्याही हुकुमाशिवाय, आपला नंबर आपल्या छातीवर लावून आपली मुलगी यवतेश्वरचा घाट धावत चढते, याला चोचला म्हणू नका. ज्यांच्या पायांवर मालकी दुसऱ्याची होती, त्यांचे पाय आता त्यांचे स्वतःचे झाले आहेत. हे चळवळीनेच मिळवून दिले आहे.

आता पहिल्या तटाकडे वळू.

"आपली माती", "गावची ओढ" हे शब्द आपण फार स्वस्तात वापरू लागलो आहोत. कुणाची माती? कोणते गाव? गाव आणि वस्ती यांच्यामध्ये वेस होती, ती या मातीतच होती. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याचे जे वर्णन केले, ते वाचूनही कुणाला खेड्याचे भाबडे गोडवे गावेसे वाटत असतील, तर त्याने ते भाषण पुन्हा वाचावे.

साताऱ्याशी आपले नाते मातीचे नाही. हे नाते इतिहासाचे आहे, आणि तो इतिहास गोड नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी छोटा भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. अभिमानाची गोष्ट आहे. पण शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपाई असेल तरच पाणी मिळे, नाहीतर तहान तशीच मारावी लागे. हेही त्याच साताऱ्याचे वास्तव आहे.

1901 सालचा त्यांचा प्रवास तर प्रत्येक धावणाऱ्याने वाचलाच पाहिजे. तो त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी लोकांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला घेतला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले वडिलांना भेटायला निघाली. अंगावर नवे कपडे, पायात नवे बूट. मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळताच दूर सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. बरोबर जेवण होते, पण पाणी नव्हते, आणि वाटेत कुणी पाणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. बाप तलाव खोदण्याच्या कामावर आणि मुले पाण्याविना रस्त्यावर!

आज याच जिल्ह्यात मॅरेथॉनच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर टेबले मांडलेली असतात. स्वयंसेवक पाण्याचा पेला हातात देतात. कुणी जात विचारत नाही. हा बदल खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या पेल्यावरून जात संपली, असा निष्कर्ष जो काढतो तो स्वतःला फसवतो. नव्या बुटांनी जात झाकली जात नाही, हे मसूर स्टेशनने 1901 मध्येच सांगितले. एका सकाळच्या गर्दीत कुणी ओळखत नाही म्हणून कुणी विचारत नाही. त्याच जिल्ह्यात भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले जातेच.

कुणी म्हणेल, "खेळात तरी जात आणू नका." आम्ही आणत नाही, ती आधीपासूनच आहे. पाळवणकर बाळू हे हिंदू संघाचे सर्वांत भेदक गोलंदाज. मैदानावर त्यांचा चेंडू सगळ्यांना चालत असे, पण चहाच्या वेळी त्यांना मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई. 1911 चा इंग्लंड दौरा गाजवूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. टाळ्या मिळणे म्हणजे समता मिळणे नव्हे, हे ज्याला कळले त्याने खुशाल मैदान गाजवावे.

मग मुद्दा काय? मुद्दा असा की, मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन, हॉटेलात उतरून, पदक गळ्यात घालून, फोटो टाकून दुपारच्या गाडीने परत जाणारा आपला सुशिक्षित तरुण साताऱ्याला आला असे आम्ही मानत नाही. तो फक्त रस्त्यावर आला. वस्ती तिथून दोन-चार किलोमीटरवर असते. एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला तेवढे अंतर जड का जाते?

त्या वस्तीतही पोरे धावत असतात, हे लक्षात घ्या. पहाटे साडेचार-पाचला, महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या उजेडात. ही पोरे पदकासाठी धावत नाहीत, पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्यांच्यासाठी मैदान नाही की पाण्याचे टेबल नाही. पायातले बूट फाटलेले असतात. काही सेकंदांनी गुण हुकतात आणि घराची पाच वर्षे मागे जातात. तुमची शर्यत हुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा नोंदणी करता येते. त्यांची हुकली तर वय निघून जाते. एकाच जिल्ह्यात, एकाच समाजाची दोन पोरे धावतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही, ही आपल्या चळवळीची खरी अडचण आहे.

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला स्टेटसवर टाकतो. स्टेटस ठेवणारे आपण आणि ज्यांच्याबद्दल ती वेदना आहे तेही आपणच!

म्हणून आमचे आवाहन साधे आहे. धावायला जाणाऱ्या प्रत्येकाने दोन दिवस जास्त काढावेत. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत एक पहाट धावावे. श्वास कसा सांभाळायचा, सुरुवातीलाच जोर का संपवायचा नाही, नडगी दुखू लागली तर कधी थांबायचे, हे तुम्ही पैसे मोजून शिकलात. त्यांना फुकट शिकवा. चांगल्या स्थितीतले बूट धुऊन घेऊन जा. जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद शोधताना कित्येक घरे हैराण झालेली असतात. त्यांच्यासोबत शाळेत आणि कार्यालयात जा. इंग्रजी बोलणारा, नियम वाचून दाखवणारा एक माणूस सोबत असला की टेबलामागचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे. आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज करा: भरतीच्या पोरांना सरावासाठी गावाचे मैदान पहाटे खुले हवे, तिथे दिवा आणि पाणी हवे. एका अर्जाने होणार नाही. दर वर्षी येऊन पाठपुरावा करा.

हे उपकार नव्हेत. वतनाच्या काळात आपले पूर्वज दुसऱ्याचा सांगावा घेऊन पळाले. आपण निदान आपल्याच माणसांचा सांगावा घेऊन धावू.

पुढच्या वेळी नोंदणीचे पैसे भराल, तेव्हा त्याच दिवशी वस्तीतल्या एकाला तरी फोन करा आणि कोणत्या पहाटे येणार ते सांगा.

जय भीम! जय संविधान!