भरोशावर घेतलेला ट्रक

"आपल्या आपल्यात कागद कशाला?" जुना ट्रक घेणाऱ्या आपल्या पोरांचे जेवढे वाटोळे या एका वाक्याने केले, तेवढे डिझेलच्या भावानेही केले नसेल. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या गॅरेजांपर्यंत कुठेही दोन तास बसा, हे वाक्य कानावर येतेच.

प्रकार साधा आहे. एखाद्याला ट्रकचे हप्ते झेपेनासे होतात. तो काही लाख रोख घेऊन गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि सांगतो, उरलेले हप्ते तू भर. आरसी जुन्याच्या नावावर, कर्ज जुन्याच्या नावावर, घाम मात्र नव्याचा. याला आपल्याकडे चालू हप्त्याची गाडी म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी आठ वर्षे दुसऱ्याच्या गाड्यांवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. त्याने धुळ्यात असाच दहा टायरचा ट्रक घेतला. साडेचार लाख रोख, त्यात आईच्या बांगड्या. पुढे महिना 28 हजार. सौद्याला "सरांना बसवा" म्हणून मलाही बोलावले. चहा झाला, हातात हात दिले, अल्लाहला गवाह ठेवले. आरसी नावावर कधी होणार, हे मी विचारले नाही. त्या खोलीत उर्दू आणि मराठी दोन्ही नीट वाचता येणारा मी एकटाच होतो.

मग त्याने गाडी सजवायला घेतली. मुंबई-आग्रा रोडवरच्या गॅरेजात महिनाभर गाडी उभी. मागचे पाटे बदलले, फाळके नवे केले, बॉडीच्या तळाच्या कुजलेल्या फळ्या काढल्या, सहा टायर टाकले, ताडपत्री, रस्से, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या. कॅबिनवर "माँ की दुआ". रावेर-सावद्याची केळी भरायची होती आणि केळी हा वाट न पाहणारा माल. बॉडीत खिळा वर आला तर घड सोलतो, हवा खेळली नाही तर वाटेतच पिकतो. पोराने काम मन लावून केले, दोन लाख घातले. पण दुसऱ्याच्या प्लॉटवर आपण स्लॅब टाकतो का?

पाचव्या महिन्यात टोलनाक्यावर वसुलीवाल्यांनी भरलेली गाडी अडवली. हा दर महिन्याला हप्ता जुन्या मालकाच्या हातात देत होता. मालकाने तीन महिने पुढे भरलाच नव्हता. चौकीत एकच प्रश्न आला, आरसीवर नाव कोणाचे? केळी उभ्या गाडीत पिवळी पडली. व्यापाऱ्याचे नुकसान याच्याच डोक्यावर.

त्याची आई मला एवढेच म्हणाली, "सर, आप तो वहीं बैठे थे ना?"

आता दीनाच्या नावाने कागद टाळणाऱ्यांना विचारतो. कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे? नमाजवर नाही, रोज्यावर नाही. सूरह बकराची 282वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. लिहिणारा इन्साफाने लिहील, साक्षीदार असतील, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. सूट आहे ती हातोहात देवघेवीला, आणि तिथेही साक्षीदार सांगितले आहेत. तीन वर्षांचे हप्ते हातोहात असतात का? कागद मागणे म्हणजे भावावर शक घेणे, हे आपण कुठून शिकलो?

दुसरी पळवाट त्याहून मजेशीर आहे. "कर्ज माझ्या नावावर नाही, म्हणजे सूद मी देत नाही." अरे भाऊ, 28 हजारांत सूद कोण भरतो मग?

आणि विकणाऱ्यानेही हसू नये. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. चालू हप्त्यावर गाडी देऊन निर्धास्त झोपणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

पोरांची अडचण मला कळते. ज्याच्याकडे रिटर्न नाही, घराचा उतारा नाही, त्या ड्रायव्हरला बँक उभी करत नाही. म्हणून तो या वाटेला जातो. पण बोजा असलेली गाडीही सरळ मार्गाने घेता येते. फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या, फॉर्म 29 आणि 30 भरा, हप्ता थेट कंपनीच्या खात्यात टाका. कंपनी नाही म्हणाली तर ती गाडी सोडा. बोजा उतरलेली, फॉर्म 35 झालेली लहान गाडी घ्या, सहा टायरची घ्या. 15 वर्षांवरची मात्र जपून; 2022 पासून तिच्या फिटनेसची फी फार वाढली आहे. रंग आणि फाळके शेवटी, आरसी नावावर आल्यावर.

तो पुन्हा पगारावर गाडी चालवतो आहे. मागच्या जुम्याला फोन आला. धुळ्यात एक गाडी पाहिली आहे, इंजिन कडक आहे, माणूस ओळखीचा आहे, सर, रविवारी याल का? मी म्हटले, आधी आरसीचा फोटो पाठव. अजून आलेला नाही.