सुट्टी नक्की कुणाची?

मे महिना आला की घरोघरी एकच विषय: मुलांना कुठे न्यायचं? इमॅजिका, ते परवडलं नाही तर जवळचं वॉटर पार्क. आमच्या छत्रपती संभाजीनगरात येणारे पाहुणेही अजिंठा, वेरूळ, मकबरा दोन दिवसांत उरकून मोकळे होतात. या धावपळीत घरातली बाई काय करते? दशम्या बांधते, पिशव्या सांभाळते, ओले कपडे पिळते. तहान लागली तरी पाणी बेतानं पिते, कारण स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. तिची सुट्टी म्हणजे जागा बदललेलं घरकाम.

म्हणून मैत्रिणींनो, इथे याल तेव्हा एक दिवस पळू नका. शहर आपल्या नजरेनं बघा.

मकबरा बघायचाच आहे, तर त्यातली ‘बीबी’ कोण हे विचारा. ‘दख्खनचा ताज’ म्हटलं की माहिती संपते. ती दिलरास बानू बेगम, औरंगजेबाची बायको. पाचव्या मुलाच्या जन्मानंतर १६५७ साली ती याच शहरात गेली. आग्र्याचा ताज जिचा, ती मुमताज महल तिची सासू. तीही १६३१ साली बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. सासू-सुना दोघी बाळंतपणानं नेल्या आणि आपण संगमरवराची तुलना करत बसतो! हकीम आणि दायांची तिथे काय वाण होती? मराठवाड्यात बाळंतिणींसाठी धावपळ करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार जुनी वाटत नाही.

तिथून पाणचक्कीला जा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, गोरगरिबांसाठी पीठ दळलं जाई. घरातलं जातं मात्र बाईच्याच हाती राहिलं. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं बायकांनी सोसलं, तिथे ते जुने नळ बघताना मन थोडं कडू होतंच.

आणि मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी. सातव्या लेण्यात एक नर्तिका कोरलेली आहे, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या सगळ्या बायकाच. बचत गटातल्या बायकांना घेऊन मी तिथे गेले होते. धुण्याभांड्यांची कामं करणाऱ्या, या शहरात वीस-वीस वर्षं राहिलेल्या; एकीनंही लेणी पाहिली नव्हती. “कामाशिवाय बाहेर कशाला पडायचं?” असं घरी ऐकावं लागतं. दवाखाना, रेशन, देऊळ एवढीच कारणं चालतात. त्या दिवशी त्या शिल्पासमोर बसून राहिल्या. एकीनं ओवी धरली, बाकीच्यांनी ओढली. कुणाला घरी जायची घाई नव्हती.

रेशनचे, मारहाणीचे प्रश्न समोर असताना हे लाड कशाला, असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही. कारण न सांगता घराबाहेर पडता येणं हाही हक्कच आहे. मुंबईत २०११ साली बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली, ती याच हक्कापायी.

तेव्हा तिकीट काढाल तिथे स्वच्छतागृह उघडं आहे का, आत पाणी आहे का, बघा. नसेल तर तक्रारवही मागून तसं लिहा, पुरुषांनाही लिहायला लावा. लेण्यांकडे सकाळी लवकर चढा, दहानंतर दगड तापतो. आणि डबा त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी भरू द्या.