गरीला पाण्याची भाषा कळते

उत्तर अमेरिकेतल्या खोल डोंगरी सरोवरांत लेक ट्राउट उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी सोडून सुमारे १० अंश तापमानाच्या थरात उतरतो. तिथला गरवणारा आधी तो थर शोधतो, मग जड शिसं लावून आमिष तिथवर नेतो. आमच्या रत्नागिरीत हिशेब थंडाव्याचा नसतो, भरती-सुकतीचा असतो. भाट्याच्या खाडीत काजळी नदी समुद्राला मिळते, तिथे गरी टाकणारा आधी तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी, की हलकं शिसं तळाला ठरतच नाही. अष्टमीच्या भांगाला पाणी संथ, तेव्हा थोडक्या वजनावर भागतं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. इथली तांबोशी मासळी खडकांच्या आणि कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून असते. जिवंत कोळंबी तिच्या तोंडापुढून प्रवाहासोबत जायला हवी, आणि घास लागताच दोरी ताणून तिला आडोशातून बाहेर काढायला हवं. पण हीच तांबोशी लहानपण खाडीत काढते आणि मोठी झाल्यावर अंडी घालायला खोल समुद्रात जाते. म्हणून गरीला वीतभर पिल्लू लागलं, तर हात ओला करून ते अलगद सोडून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंदरात थांबतात त्या समुद्राला उसंत मिळावी म्हणून; तोच विचार काठावरच्या एकट्या गरीनेही पाळावा. मासा कुठे असेल हे ओळखणं ही अर्धीच विद्या. कोणता सोडायचा हे कळलं, की ती पुरी होते.